वंश, दप्तर आणि रक्त : कुलवृत्तांताच्या संहितेविषयी काही प्रश्न

स्कॉटलंडमधील पूर्वजांचा शोध घेणारे लेखन हा आज इंग्रजी गद्याचा एक स्वतंत्र प्रकार होऊन बसला आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांतील कोणी निवृत्त शिक्षक, कोणी कारकून, कोणी गृहिणी हे लेखन करते, आणि त्याचे संकेत आता बरेचसे ठरून गेले आहेत. घरात चालत आलेली एक गोष्ट असते. तीत एखादा खापरपणजा, त्याचे अर्धवट आठवणारे गाव आणि ज्याविषयी घरात कोणी बोलत नाही असे एखादे प्रकरण असते. मग दप्तरे उघडली जातात, चर्चच्या नोंदवह्या, जहाजांच्या याद्या, थडग्यांवरचे लेख एकमेकांशी ताडून पाहिले जातात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या कथानकाला एक शेवटचा अंक जोडला गेला : लाळेचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि डीएनएचा निकाल घरातल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब तरी करतो, नाहीतर ती मोडीत काढतो. कथनतंत्राच्या दृष्टीने ही रहस्यकथाच होय. कागद हे तिच्यातील साक्षीदार आणि रक्त हा न्यायाधीश.

मराठी समीक्षेला या प्रकाराशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आपल्याकडे कुलवृत्तांत नावाचा एक जुना, भरघोस आणि समीक्षेने जवळजवळ अस्पर्श ठेवलेला गद्यप्रकार आहे. आता परदेशस्थ मराठी माणसेही डीएनएच्या चाचण्या करवून घेऊ लागली आहेत, आणि दप्तराने व रक्ताने पूर्वज ‘सिद्ध’ करण्याची ती परदेशी रीत कुलवृत्तांतालाही लावून पाहण्याचा मोह स्वाभाविक आहे. तो मोह तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कुलवृत्तांतात ‘वंश’ या शब्दाचा अर्थ जैविक सातत्य असा नाही. वंश हा तेथे स्वीकाराचा व्यवहार आहे. आणि म्हणून संहिता या नात्याने त्याचे वाचन, कोणाला घेतले आणि कोणाला वगळले, या अंगाने व्हावयास हवे, असे मला वाटते.

प्रथम स्कॉटलंडचे दप्तर. तेथे १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली, आणि त्या पहिल्या वर्षीचे दाखले तर इतके तपशीलवार आहेत की वंशशोधक ते वर्ष सापडले म्हणजे हरखून जातात. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या परगणावार नोंदवह्या आहेत. विवाहित स्त्री तेथील नोंदींत आपले माहेरचे आडनाव सहसा गमावीत नाही, मृताच्या दाखल्यात त्याच्या आईचे माहेरचे आडनावही येते. मोठ्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव द्यायचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, ही तिकडची रीत तर मराठी वाचकाला अगदी घरची वाटेल. एकाआड एक पिढीत तेच नाव परत आल्याने होणारा घोटाळा कुलवृत्तांताच्या संपादकांनाही ठाऊक आहे. याखेरीज स्थानिक चर्चच्या पंचमंडळाची इतिवृत्ते आहेत. अविवाहित स्त्रीला मूल झाले की हे मंडळ तिला बोलावून घेई, बापाचे नाव विचारी, त्या पुरुषाला समोर उभे करी आणि हे सारे लिहून ठेवी. हेतू शिक्षेचा होता आणि भाषा पापाची होती. परंतु त्यामुळे अनौरस मुलाचा बाप कागदावर आला. २०२१ पासून ही इतिवृत्ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. थोडक्यात, तेथील कुटुंबेतिहासाचा निवेदक हा नोंदींच्या श्रीमंतीत जन्मलेला निवेदक आहे.

तोच निवेदक मुंबई इलाख्यात येऊन पोचला की त्याची ही श्रीमंती कशी आटते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहण्याजोगे आहे. थिओडोर फोर्ब्ज हा अॅबर्डीनशायरचा स्कॉट तरुण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेस आला. तेथे एलायझा केवार्क नावाच्या स्त्रीशी त्याचा संसार झाला आणि १८१२ साली त्यांना कॅथरिन ही मुलगी झाली. पुढे तो मुंबईच्या फोर्ब्ज पेढीत भागीदार झाला. १८२० मध्ये मायदेशी परतताना समुद्रातच वारला. मुलगी लहानपणीच स्कॉटलंडला पाठवण्यात आली होती. तिने अॅबर्डीनच्या एका गृहस्थाशी लग्न केले, आणि तिच्या मुलींच्या मुलींतून येणारी शाखा ब्रिटनच्या राजघराण्यातील डायाना या राजस्नुषेपर्यंत येऊन पोचते. एलायझा मात्र येथेच राहिली. थिओडोरच्या मृत्युपत्रात ती घर सांभाळणारी बाई एवढ्याच ओळखीने येते. पुढच्या वंशवृक्षांनी तिला ‘आर्मेनियन’ म्हणून नोंदवले. हिंदी आजी असण्यापेक्षा आर्मेनियन ख्रिस्ती आजी असणे अॅबर्डीनच्या दिवाणखान्यात सोयीचे होते, हे उघड आहे. तिने थिओडोरला लिहवून घेतलेली पत्रे गुजरातीत होती ही गोष्ट वंशवृक्षात मावणारी नव्हती.

२०१३ साली मातृशाखेतील नातेवाइकांच्या लाळेची तपासणी झाली आणि आईकडून मुलांना मिळणाऱ्या मायटोकाँड्रियातील डीएनएचा गट ‘आर-३०-बी’ असल्याचे जाहीर झाले. हा गट जवळजवळ सर्वस्वी भारतीय उपखंडातला. वृत्तपत्रांनी भावी राजाच्या हिंदी रक्ताचा मथळा दिला. ज्या कंपनीने हे जाहीर केले तिच्या एकूण जाहिरातवजा विधानांवर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील अनुवंशशास्त्रज्ञ त्याच सुमारास टीका करीत होते, ही गोष्ट मथळ्यात आली नाही.

या निकालाने सिद्ध काय झाले? एलायझाच्या आईच्या आईच्या आईची एकच एक धार हिंदी होती, इतकेच. तिचा बाप आर्मेनियन असण्याला या पुराव्याची हरकत नाही. केवार्क हे आडनाव तर तिकडेच बोट दाखवते. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात १०२४ जागा असतात. मायटोकाँड्रियाची साक्ष त्यांपैकी एका जागेविषयी, पुरुषाच्या वाय गुणसूत्राची साक्ष दुसऱ्या एका जागेविषयी. उरलेल्या १०२२ जागांबद्दल दोघेही गप्प. इतर गुणसूत्रांचे तुकडे पिढीगणिक निम्मे होत जातात, आणि सातआठ पिढ्यांपलीकडच्या एखाद्या पूर्वजाचा अंशही शिल्लक नसणे सहज शक्य असते. म्हणजे कागदाने जे लपवले ते रक्ताने उघड केले हे खरे. परंतु एलायझा कोण होती, कोणती भाषा बोलत घर चालवीत होती, मुलीला जहाजावर चढवताना ती काय म्हणाली, यातले काहीही त्या अक्षर-आकड्यांत नाही. जे थोडे आहे ते त्या गुजराती पत्रांतच आहे. तरीही तिकडच्या कुटुंबेतिहासात एलायझा जिवंत होते ती पत्रांनी नव्हे, लाळेने! वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबले पाहिजे.

मुंबई इलाख्यातच याची दुसरी बाजू दाखवणारे उदाहरण आहे, आणि ते पूर्णपणे मराठी आहे. कोकण किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजाची उत्पत्तिकथा अलिबागजवळच्या नवगावी जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपाशी सुरू होते. रोहेकर, पेणकर, केहिमकर ही त्यांची आडनावे मराठी, भाषा मराठी. १८२९ साली मुंबईस आलेल्या जॉन विल्सन या स्कॉट मिशनऱ्याने १८३२ मध्ये त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. विसरलेली पूर्वजांची भाषा त्यांना मराठीतून शिकवावी लागली. हेतू धर्मांतराचा होता, उपयोग उलटा झाला. १९६० नंतर इस्राएलमध्ये त्यांच्या यहुदीपणाविषयी तेथील धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली. विवाहाच्या वेळी पूर्वजांची चौकशी होऊ लागली आणि मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये तो प्रश्न मिटला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यांच्यात मध्यपूर्वेतील यहुदी आणि स्थानिक हिंदी अशा दोन्ही धारा दाखवल्या; त्यातही यहुदी वाटा पुरुषांकडून अधिक आणि हिंदी वाटा स्त्रियांकडून अधिक, असे आढळले. कथेत जहाजातून सात स्त्रिया उतरल्या होत्या. ज्या स्थानिक स्त्रियांनी ही वंशवेल प्रत्यक्षात वाढवली त्यांना कथेत पाऊल ठेवायला जागा नाही. आणि यहुदी धर्मशास्त्रात यहुदीपण आईकडून येते! म्हणजे विज्ञानाने कथा निम्मी खरी ठरवली, आणि जी निम्मी खोटी ठरवली नेमकी तिच्यावरच धर्मशास्त्राची सारी भिस्त. समाजाने कथा सोडलेली नाही. मला त्यात काही वावगे वाटत नाही.

आता कुलवृत्तांताकडे वळू. विसाव्या शतकात, विशेषतः कोकणस्थ घराण्यांत, हे ग्रंथ मोठ्या प्रमाणावर निघाले. संपादक बहुधा पेन्शनर. छापील प्रश्नावल्या, जोडकार्डे, गावोगावच्या भेटी, देवस्थानच्या सनदा, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या ही त्यांची साधने. आरंभी गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव. मग शाखावार वंशावळी. मग प्रत्येक पुरुषाची पाचदहा ओळींची नोंद. मराठी गद्यात इतके विशेषणविरहित लेखन क्वचितच सापडेल. शिक्षण, नोकरी, पत्नीचे माहेरचे व सासरचे नाव, अपत्ये. एखाद्या शाखेपुढे ‘निर्वंश’ हा एकच शब्द आणि मग कोरी जागा. मुलींची नोंद असते, त्या कोठे दिल्या हेही असते. पण त्यांची मुले दुसऱ्या कुलवृत्तांतात जातात. स्कॉट वंशशोधक ज्या कारणाने दहा पिढ्या आईच्या अंगाने मागे जाऊ शकतो ते कारण येथे नाही. लग्नात स्त्रीचे आडनावच नव्हे तर पाळण्यातले नावही बदलणारी ही संस्कृती. माझ्या आजीची दोन नावे होती आणि माहेरचे नाव मला तिच्या मृत्यूनंतर तेराव्याला आलेल्या एका म्हाताऱ्या चुलतभावाने सांगितले.

परंतु कुलवृत्तांताचे खरे वैशिष्ट्य दत्तकाच्या नोंदीत आहे. दत्तक गेलेला माणूस या ग्रंथात दोनदा येतो : जन्मदात्याच्या शाखेत ‘दत्तक गेले’ म्हणून आणि दुसऱ्या शाखेत मुलगा म्हणून. पुढची सारी प्रजा दुसऱ्या ठिकाणी. जैविक वंशवृक्षात एक माणूस दोन बापांचा असू शकत नाही; कुलवृत्तांतात तो असतो, आणि त्याबद्दल संपादकाला काडीचाही संकोच नसतो. येथे वंश म्हणजे नाव, पिंड आणि मिळकत पुढे नेणारा स्वीकार. या कल्पनेला आपल्या परंपरेत मोठा आधार आहे. महाभारत हा कुलवृत्तांतच मानला तर विचित्रवीर्यानंतर कुरुवंशात शंतनूच्या रक्ताचा थेंबही उरत नाही; व्यास हा सत्यवतीचा पुत्र, शंतनूचा नव्हे. पांडव पंडूचे नव्हेत. तरीही ते कौरव-पांडवच. इरावती कर्वे यांना ही गोष्ट ‘युगान्त’ लिहिताना ठाऊक होती तशीच तिची दुसरी बाजूही ठाऊक होती. १९२८ साली घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहिला, मग बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत कवट्यांची मोजमापे केली आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही, असा गुरूच्या अपेक्षेविरुद्धचा निष्कर्ष मांडला. रक्तावरून माणसांची प्रतवारी लावण्याचा उद्योग ज्या ठिकाणी जोरात होता तेथे बसून एका मराठी बाईने हे लिहिले, याची आठवण आज डीएनएच्या टक्केवारीच्या काळात ठेवलेली बरी.

दत्तकाच्या या मुद्द्याला आमच्या भागात केवळ वाङ्मयीन महत्त्व नाही. हा लेख मी ज्या बोरगाव मेघे येथे बसून लिहीत आहे तो मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला तोच मुळी वंशाच्या व्याख्येवरून. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. राण्यांनी यशवंतराव या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव जानोजी ठेवले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने तो दत्तक अमान्य केला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. त्याच मुलखातून १८६२ साली वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला, आणि पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ पासून वर्धा शहर वसले. डलहौसी हा स्कॉट सरदार घराण्यातला. जन्म १८१२ चा, म्हणजे थिओडोरच्या त्या मुलीच्याच वर्षाचा. ज्या कायद्याच्या वातावरणात तो वाढला त्या स्कॉटलंडच्या कायद्यात दत्तकविधानच नव्हते; ते १९३० साली आले. म्हणजे औरस तोच वारस हा त्याच्या दृष्टीने निसर्गनियम होता. राजकीय लोभ होता हे इतिहासकारांनी पुरेसे सांगितले आहे. पण त्या लोभाला जी भाषा मिळाली ती वंशाच्या एका विशिष्ट व्याख्येची होती, हे पुरेसे सांगितले गेलेले नाही. गंमत अशी की तिसरे रघूजी स्वतःच दत्तक होते, दुसऱ्या रघूजींच्या मुलीचे पुत्र, आणि १८१८ मध्ये त्यांना गादीवर बसवण्यास इंग्रजांचीच संमती होती. डलहौसीलाही मुलगा झाला नाही. १८६० मध्ये त्याच्याबरोबर त्याची मार्क्विस ही पदवी संपली आणि जुनी जहागिरदारी चुलतभावाकडे गेली. स्कॉट वंशशास्त्रज्ञ याची नोंद ‘निर्वंश’ याच अर्थाच्या शब्दाने करतात.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला ‘भोसलेवंशचरित्र’ हा प्रचंड मराठी शिलालेख या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. तो कोरवून घेणारे दुसरे सरफोजी हे दत्तक पुत्र. त्यांच्या दत्तकविधानाच्या वैधतेवरून वर्षानुवर्षे वाद झाला, पंडितांचे निवाडे आधी विरुद्ध आणि मग बाजूने आले, आणि १७९८ मध्ये ते गादीवर बसले. गादीवर येऊन पाच वर्षे झाल्यावर त्यांनी आपल्या कुळाची कथा दगडावर घालावी, हा योगायोग समजता येत नाही. ज्याचे वंशातले स्थान वादग्रस्त त्यालाच वंशचरित्र लिहवून घ्यावे लागते. १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वी भोसल्यांचे नाते मेवाडच्या सिसोदियांशी जोडणारी वंशावळ सिद्ध करावी लागली, तिच्या मुळाशी हीच निकड होती. रा. चिं. ढेरे यांनी ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ या ग्रंथात भोसल्यांचा उगम दक्षिणेकडे, होयसळांकडे नेला, तेव्हा बरीच खळबळ झाली. खळबळ करणाऱ्यांना उत्तर हवे होते : उदयपूर की द्वारसमुद्र? ढेरे यांच्या ग्रंथाचा अधिक मोलाचा भाग मात्र दैवतांच्या स्थलांतराचा आहे; कुलदैवत हे येथे कागदाच्या आधीचे दप्तर ठरते. फूको यांनी १९७१ च्या नीत्शेविषयक निबंधात उगमाचा शोध आणि वंशावळीचा शोध यांत जो भेद केला त्याचे नाव आमच्या चर्चासत्रांत पुष्कळ घेतले गेले. बहुतेक वेळा ते अलंकारासारखे घेतले गेले. ढेरे वाचताना तो भेद कामाला येतो.

स्वीकाराचा व्यवहार म्हटला की नकाराचाही व्यवहार आला. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. आई महार, बाप सवर्ण पाटील. मुलाला ना बापाचे घर, ना आईच्या जातीत निर्भेळ जागा. या आत्मकथनाची चर्चा दलित साहित्याच्या चौकटीत भरपूर झाली, आणि ती आवश्यकच होती. मी ते येथे कुलवृत्तांताची उलटी प्रत म्हणून वाचू इच्छितो. बारा माशांचा तोळा. अकरा मासे भरले तर सोने हिणकस. सोनाराच्या तराजूतला शब्द गावाने माणसाला लावला. डीएनएचा अहवाल आज रक्ताची टक्केवारी सांगतो; मराठी खेड्याला ती अवजाराविना सांगता येत होती. पण स्कॉटलंडच्या चर्चपंचांनी जे केले ते या खेड्याने कधी केले नाही. त्याने बापाला समोर उभे करून त्याचे नाव लिहून घेतले नाही. सगळ्यांना ठाऊक आणि कोठेही नोंद नाही, अशी ही वंशावळ. त्यामुळे ‘अक्करमाशी’त बापाचे नाव लिहिणे ही माहिती देण्याची कृती राहत नाही, ती आरोपपत्र दाखल करण्याची कृती होते. आत्मचरित्रात लेखक, निवेदक आणि नायक यांचे नाव एकच असते, असा करार लेखक वाचकाशी करतो, असे फिलिप लेज्यून यांनी म्हटले. ज्याचे नावच वादात आहे त्याने हा करार कसा करावा, हा प्रश्न लेज्यून यांच्या उदाहरणांत येत नाही. आमच्याकडे तो पहिल्या पानापासून आहे.

येथे रंगनाथ पठारे यांच्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) या कादंबरीचा उल्लेख टाळता येणार नाही. कुलवृत्तांत हा प्रकारच नावात घेऊन, सुमारे सातशे वर्षांचा पट मांडून ही कादंबरी एका मराठा घराण्याच्या रक्तात किती जातिजमाती मिसळत आल्या हे ठासून सांगते. जातिशुद्धीच्या कल्पनेवर हा मोठा आघात आहे आणि त्याचे श्रेय पठारे यांना दिलेच पाहिजे. शिवाय हे जनुकशास्त्राच्या निष्कर्षांना धरून आहे. उपखंडातील समाज दीर्घकाळ मिसळत होते आणि जातिबंद विवाहाची पद्धत त्या मानाने उशिरा घट्ट झाली, असे २००९ नंतरचे अनेक अभ्यास सांगतात. परंतु रचनेच्या पातळीवर कादंबरी कुलवृत्तांताचा उभा स्तंभ मोडत नाही. सात पाटील, म्हणजे सात पुरुष. मिश्रण येते ते बायकांच्या वाटेने, आणि बाई येऊन वंशात मिसळली की कथेचा धागा पुन्हा मुलाकडे. आशयाने जे नाकारले ते रचनेने जपले, असे माझे मत आहे. आडव्या अंगाने, माहेरांच्या जाळ्यातून जाणारा कुलवृत्तांत मराठी कादंबरीत अजून यावयाचा आहे. जात्यावरच्या ओव्यांत तो आहे. तेथे भाऊ, मावळण, मावशी, मामा यांचे सारे नकाशे आहेत, पण त्यांना आपण वंशेतिहासाचे साधन मानीत नाही.

गेली काही वर्षे मी एम. ए. च्या विद्यार्थ्यांना आपल्या घराण्याचा चार पिढ्यांचा वृत्तांत लिहावयास सांगतो. पश्चिम महाराष्ट्रात माणसाला गावाचे नाव लागते. आमच्याकडे बोरगाव, सावंगी, सिंदी, पिपरी या गावांच्या नावांपुढेच मेघे हे आडनाव लागले आहे. मालगुजारी मुलखात असे होते. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, आडनाव राहिले. विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या घराण्याने गावाला नाव दिलेले नाही आणि गावाचे नाव घेतलेलेही नाही. त्यांच्या घरी कुलवृत्तांत नाही. पण पूर्वजांचे कागद आहेत, आणि ते अतिशय जपून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेले आहेत. कारण जातवैधता.

या साऱ्या चर्चेला येथे धार येते. अॅबर्डीनचा वंशशोधक हौसेने दप्तरात जातो. त्याचा पूर्वज सापडला नाही तर त्याचे एक प्रकरण अपुरे राहते. वर्ध्याच्या मुलाचा पूर्वज सापडला नाही तर त्याचा प्रवेश जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या मागचा कागद हवा असतो. शाळेची दाखल-खारीज नोंदवही, बंदोबस्त मिसल, अधिकार अभिलेख, कोतवाल पंजी आणि या सर्वांना एका सुतात ओवणारे वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. महाराष्ट्रातील सर्वांत अधिक लिहिला जाणारा वंशवृत्तांत आज हाच आहे. त्याचा वाचक म्हणजे पडताळणी समिती. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी जाणणाऱ्यांचा भाव एकाएकी वाढला, आणि जानेवारी २०२४ च्या मसुद्यामुळे ‘सगेसोयरे’ हा आपल्या संतांपासून चालत आलेला शब्द कायद्याच्या व्याख्येत शिरू पाहू लागला. त्या वादाच्या गुणदोषांत येथे शिरावयाचे नाही. शब्दाच्या अभ्यासकाने इतके लक्षात घ्यावे की सोयरेपण हे जोडता येते म्हणूनच सोयरेपण. त्याची व्याख्या करू गेले की प्रश्न पुन्हा रक्ताशी येऊन ठेपतो.

मागील वर्षी एका विद्यार्थ्याने मला कोतवाल पंजीतील नक्कल आणून दाखवली. त्याच्या पणजोबांच्या जन्माची. मध्य प्रांतात गावातील जन्ममृत्यूची खबर कोतवाल ठाण्यावर पोचवीत असे, आणि कोतवाल बहुतेक गावांत महार असे. ज्याचा वंश कोणी लिहून ठेवला नाही त्याच्या पायपिटीवर साऱ्या गावाची वंशावळ उभी आहे. नकलेत तारीख होती, गाव होते, बापाचे नाव होते, जात होती. मुलाच्या नावाच्या रकान्यात ‘मुलगा’ एवढेच होते. बारसे व्हायच्या आत खबर गेली असणार. त्या बापाला तीन मुलगे होते. विद्यार्थ्याने आपल्या वृत्तांतात तिन्ही भावांविषयी आजोबांनी सांगितलेले सारे लिहिले : एक पुलगावच्या गिरणीत गेला, एक तरुणपणी पटकीने वारला, एकाने शेत राखले. ‘मुलगा’ म्हणजे त्यांतला कोणता, हे ठरवण्यासाठी त्याने भावांच्या वयांचा, एका दुष्काळाच्या आठवणीचा आणि घरातल्या एका लग्नाच्या सालाचा मेळ घालून पाहिला आहे. माझ्या दृष्टीने ते प्रकरण त्या वर्षीच्या साऱ्या प्रबंधिकांत सरस होते. त्याचा अर्ज अजून समितीपुढे आहे.